हॉस्टेलमध्ये न राहिलेल्यांची कादंबरी कुठे आहे?

ऐरोलीकर (धागाकर्ती)

दिवाळीपासून आमच्या ठाण्याच्या वाचनगटात कॉलेजवरच्या कादंबऱ्या वाचणं चाललं आहे. मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही चालतं. अट एवढीच की कॉलेज नुसतं पाठीमागचा पडदा म्हणून लावलेलं नको. गटात मी एक मुद्दा मांडला की अर्धी मंडळी तुटून पडतात. म्हणून तो इथे सविस्तर मांडते आहे.

आपल्याकडे गाजलेल्या कॉलेजकादंबऱ्यांतलं कॉलेज म्हणजे हॉस्टेल. चेतन भगतची 'फाइव्ह पॉइंट समवन' आयआयटी दिल्लीच्या हॉस्टेलातली, 'बनारस टॉकीज' बीएचयूच्या भगवानदास हॉस्टेलातली. आयआयएमवरच्या कादंबऱ्यांची तर एक वेगळी फळीच 2004 नंतर उभी राहिली. खोली, मेस, रात्रभराच्या गप्पा, गच्ची, परीक्षेच्या आदल्या रात्रीची झेरॉक्स. घर येतं ते सुट्टीपुरतं किंवा फोनवर.

आता आपल्या पट्ट्यात बघा. मुलगा किंवा मुलगी कॉलेजला जाते म्हणजे काय करते? डबा घेऊन निघते, ठाण्याहून ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ नाहीतर उलट दिशेने जाते, आणि संध्याकाळी त्याच घरात परत येते. 'दूध आणलंस का' हे विचारणारी आई तिथे आहे आणि टीव्हीचा आवाज कमी करा म्हणता येत नाही असे आजोबाही तिथेच आहेत. इथल्या कॉलेजाची सुरुवात वर्गात होत नाही, ऑफिसच्या खिडकीपुढच्या, लोकलच्या पासावरच्या कन्सेशनच्या रांगेत होते. फॉर्मवर घराजवळचं स्टेशन आणि कॉलेजचं स्टेशन लिहायचं, मासिक की त्रैमासिक ते ठरवायचं, शिक्का घ्यायचा. शिक्का नीट उमटला नसेल तर तिकीट खिडकीवरून परत पाठवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग. या रांगेत माझ्या कितीतरी मैत्र्या झाल्या. ती मला अजून एकाही कादंबरीत भेटलेली नाही.

याचा अर्थ वाचलेली पुस्तकं वाईट आहेत असा नाही. 'फाइव्ह पॉइंट समवन' या वेळी मी पुन्हा वाचली आणि माझं लक्ष तिघा मित्रांपैकी आलोकच्या घरावर खिळून राहिलं. वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, आई शिक्षिका, बहिणीच्या हुंड्याची चिंता. अख्ख्या कादंबरीत मार्कांना खरं वजन आहे ते या मुलाच्या आयुष्यात. दुसऱ्या मित्राला, रायनला, मार्कांची फिकीर नाही, कारण त्याचे आईवडील परदेशातून पैसे पाठवतात. शिक्षणपद्धतीविरुद्धचं बंड नक्की कोणाला परवडतं, हा केवढा मोठा प्रश्न लेखकाने तयार करून ठेवला आहे! आणि तो तिथेच टाकून तो प्रश्नपत्रिका चोरण्याच्या थराराकडे वळतो. त्यावरून आलेल्या 2009 च्या '3 इडियट्स' सिनेमात तर तसंच घर कृष्णधवल करून हसण्यासाठी वापरलं. मला त्याचा राग आला आणि अजून येतो. त्या घरात राहूनच रोज कॉलेजला जाणारी मुलं माझ्या आसपास आहेत.

माझा आग्रह असा, की कॉलेजकादंबरीचं परीक्षण करताना 'वाचायला मजा आली, आपले दिवस आठवले' एवढ्यावर थांबू नये. फी कोण भरतं? पोरं कुठून येतात, कशाने येतात? अभ्यास कोणत्या जागेवर बसून करतात? मुली काय शिकतात? हे पुस्तकाला माहीत आहे का ते बघावं. ज्या पुस्तकाला माहीत असतं त्यातली मैत्री आणि प्रेमही जास्त खरं उतरतं, असा माझा अनुभव आहे.

तुमचं काय मत? आणि घरून कॉलेजला जाणाऱ्यांची चांगली कादंबरी कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा.

---

घणसोली_सेक्टर

ताई, धागा आवडला, पण मूळ मुद्दाच मला पटत नाही.

मी मराठी माध्यमातला. डिप्लोमाला गेलो तेव्हा इंग्रजीची भीती होती, वर्गात प्रश्न विचारायला तोंड उघडत नव्हतं. 'फाइव्ह पॉइंट समवन' तेव्हा 95 रुपयांना मिळायचं. ठाणे स्टेशनबाहेर घेतलं आणि डिक्शनरी न उघडता संपवलं. ते माझं पहिलं इंग्रजी पुस्तक. अशी माझ्यासारखी किती पोरं असतील! समीक्षकांनी त्या भाषेला सपाट म्हटलं, त्यांना म्हणू दे. ती सपाट होती म्हणून आम्ही तिच्यावर चालू शकलो.

दुसरं, हॉस्टेलबद्दल. आम्ही घणसोलीत वन रूम किचनमध्ये पाच जण राहायचो. माझा अभ्यास ओट्याखाली बसून व्हायचा, कारण बाहेरच्या खोलीत बाबा नाइट करून झोपलेले असायचे. अशा मुलाला हॉस्टेलची कादंबरी का आवडते? तिथे त्याला स्वतःची कॉट आहे, स्वतःचं टेबल आहे आणि रात्री दोन वाजता दिवा चालू ठेवला तर ओरडणारं कोणी नाही. तेच वाचायला मी ते पुस्तक उघडायचो. माझं घर मला पुस्तकात नको होतं, ते चोवीस तास होतंच. वाचकाची ही गरज परीक्षण करताना धरायची की नाही?

---

चेंदणीकर

ऐरोलीकरताई, तुमचा प्रश्न योग्य आहे, पण चर्चा 2004 पासून का सुरू करता? मराठी वाचकाने या विषयावर बोलताना 1963 पासून सुरुवात करावी. 'कोसला' आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला येतो, मेस, मित्र, उधळपट्टी, सगळं होतं. हॉस्टेल तिथेही आहे, पण एक मोठा फरक आहे. बापाच्या पैशाचा हिशोब त्या पुस्तकाच्या हाडात मुरलेला आहे. घर कधीच पुसलं जात नाही. पांडुरंगची धाकटी बहीण मनी जाते त्यानंतरची पानं मी आजही सलग वाचू शकत नाही.

आणखी एक. आजच्या बहुतेक कॉलेजकादंबऱ्या डिग्री, नोकरी किंवा लग्न मिळालं की संपतात. पांडुरंग हात हलवत गावी परत येतो आणि कादंबरी पुढे चालूच राहते. शिकून काही न झालेल्या मुलाचं घरी बसणं, गावातल्या रिकाम्या पोरांमध्ये त्याचं मिसळणं, ते लिहायला धाडस लागतं. आज पदवी घेऊन घरी बसलेली मुलं ठाण्यात प्रत्येक सोसायटीत आहेत. त्यांच्यावर कोण लिहितंय?

ठाण्यातल्या वाचकांसाठी: मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आपल्या गावात आहे. तिथे जाऊन कपाटासमोर उभं राहून पुस्तकं चाळा. ऑनलाइन याद्यांत न सापडणाऱ्या कादंबऱ्या हाती लागतात.

---

मास्तर_नेरूळ

मी नवी मुंबईतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो. नाव घेत नाही. घरून येणाऱ्या विद्यार्थ्याची कादंबरी कशी असेल, हा प्रश्न वाचल्यावर एक प्रसंग सांगावासा वाटला.

75 टक्के हजेरी नसलेल्यांची यादी लागते, तिला पोरं डिफॉल्टर लिस्ट म्हणतात. त्यातल्यांच्या पालकांना बोलावून घ्यावं लागतं. एक वडील आले, रिक्षा बाहेर लावून, खाकी शर्टातच. मी हजेरीचा कागद पुढे ठेवला. ते म्हणाले, "सर, पण तो रोज सकाळी सातला घरातून निघतो. डबा घेऊन निघतो." मुलगा शेजारी उभा. खूप वेळाने त्याने सांगितलं की तो महापे एमआयडीसीत एका गोदामात पार्सलं लावायला जातो. फीचा दुसरा हप्ता द्यायचा होता आणि तो वडिलांकडे मागायचा नव्हता. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी तो कागद उचलला, घडी घातली, परत उघडला आणि पुन्हा टेबलावर ठेवला.

सकाळी सात ते संध्याकाळी पाच, घराला वाटतं मुलगा कॉलेजात आहे, कॉलेजला वाटतं घरी आहे. हॉस्टेलच्या मुलाला असं दुहेरी आयुष्य जगावं लागत नाही. हा मजकूर फक्त घरून येणाऱ्याचाच आहे.

आता पुस्तकांबद्दल. शिक्षकाच्या बाजूने कॉलेज बघायचं असेल तर नेमाड्यांचंच चांगदेव चतुष्टय वाचा. 'बिढार' ते 'झूल', 1975 ते 1979 या काळात आलेल्या चार कादंबऱ्या. चांगदेव पाटील गावोगावच्या कॉलेजांत नोकऱ्या करत हिंडतो. संस्थाचालक, गटबाजी, प्राध्यापकांच्या खोल्या. हिंदीत 'राग दरबारी' 1968 चं. त्यातलं छंगामल विद्यालय इंटर कॉलेज वाचताना आपण कोणत्या राज्यात आहोत हे विसरायला होतं.

आणि कोणाला आश्चर्य वाटेल, पण लोकप्रिय पुस्तकांपैकी मी चेतन भगतच्याच 'रिव्होल्यूशन 2020' चं नाव आवर्जून घेतो. 2011 ची. खासगी इंजिनीअरिंग कॉलेज उभं कसं राहतं हे इतक्या सरळपणे दुसऱ्या कोणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही. गोपाल प्रवेशपरीक्षेत मागे पडतो, कोटाला जाऊन क्लास करतो, पुन्हा मागे पडतो, आणि मग वाराणसीत आमदाराच्या पैशावर स्वतःच कॉलेज काढतो. भावकीच्या वादात अडकलेली शेतजमीन, मान्यता, तपासणी, कुठल्या टेबलावर काय द्यावं लागतं, सगळं क्रमाने येतं. प्रवेश न मिळालेला मुलगा प्रवेश विकायला बसतो. ही कल्पना फार दमदार आहे. पुस्तकाचा निम्मा भाग प्रेमाच्या त्रिकोणात घालवला आणि नायिकेला, आरतीला, दोघांच्या मधली वस्तू करून ठेवलं, तिथे ते पडतं.

---

रबाळे_लेडीज_स्पेशल

सर, तुमचा प्रसंग वाचून गप्पच झाले.

मी ठाण्यात टीवायला आहे, रबाळ्याहून जाते. मला मुलींबद्दल बोलायचं आहे, कारण वर ताईंनी 'मुली काय शिकतात' असं विचारलंय आणि कोणीच उत्तर दिलं नाही. आरतीला वस्तू केल्याचं सरांनी लिहिलं ते बरोबर आहे, पण ते सगळीकडे तसंच आहे. हिरो कुठल्या विषयाच्या कुठल्या पेपरला किती मार्क पाडतो ते आपल्याला तोंडपाठ होतं. नायिका काय शिकते ते आठवायला पानं उलटावी लागतात. 'फाइव्ह पॉइंट समवन'मधली नेहा प्राध्यापकाची मुलगी म्हणून लक्षात राहते. तिच्या भावाचं दुःख केवढं मोठं आहे, ते नीट लिहिलं असतं तर तीच कादंबरी झाली असती.

मुलींचं कॉलेज खरं तर ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर सुरू होतं. पनवेल गाडीत जागा मिळाली की पिशवीतून जर्नल बाहेर येतं. एकजण आकृत्या काढते, दुसरी वाचून दाखवते, तिसरी खिडकीशी बसून फोनवर आईला 'लेक्चर उशिरा सुटलं' सांगते. रबाळ्याला माझं अर्धं राहिलेलं जर्नल पुढे कोपरखैरणेला उतरणारी मैत्रीण घेऊन जाते आणि सकाळी पुरं करून आणते. आम्हाला गच्ची नाही, रात्रीचा चहाचा कट्टा नाही. आमच्या गप्पा या वीस मिनिटांतच होतात आणि त्या खूप खोल असतात, कारण वेळ संपत असतो. घरी पोचलं की मी परत मुलगी असते आणि माझ्या भावाच्या नशिबात नसलेली भांडी माझी वाट बघत असतात.

घणसोली दादा म्हणतो त्याला हॉस्टेलच्या गोष्टीत मोकळीक मिळाली. मला नाही मिळाली. त्या खोलीत मुलींना जागाच नव्हती. मुलगी त्या गोष्टीत आली तरी भेटायला येते आणि निघून जाते.

मला सर्वांत जवळची वाटलेली कादंबरी 'कोबाल्ट ब्लू'. सचिन कुंडलकर, 2006. पुण्यातलं घर, तनय आणि अनुजा हे भाऊबहीण, आणि वरच्या खोलीत आलेला पेइंग गेस्ट. दोघंही त्याच्याच प्रेमात पडतात. आधी तनय सांगतो, मग अनुजा. कॉलेज फारसं नाही त्यात, पण घरात राहून तरुण होणं काय असतं ते पुरेपूर आहे. एकाच घरात, एका भिंतीपलीकडे दोघांचं आयुष्य उलटंपालटं होतंय आणि जेवायला मात्र सगळे एकत्र बसताहेत. आणि अनुजाला तिचा स्वतःचा अर्धा भाग मिळतो. तिचं म्हणणं भाऊ सांगत नाही, ती स्वतः सांगते.

---

घणसोली_सेक्टर

रबाळे, तुझा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्या खोलीत मुलींना जागा नव्हती हे खरंच आहे.

पण 'कोबाल्ट ब्लू'ला कॉलेजकादंबरी म्हणता येणार नाही, ती घराची कादंबरी आहे. आपण धाग्याची अट सैल करतोय.

---

ऐरोलीकर

सैल करू या ना. घरात राहणाऱ्या मुलांचं कॉलेज आणि घर वेगळं काढताच येत नाही, माझा मुद्दा नेमका तोच आहे.

---

माटुंगा_ते_मुलुंड

हिंदीबद्दल थोडं. सत्य व्यास यांची 'बनारस टॉकीज' 2015 ची, लॉ फॅकल्टीच्या मुलांची. भाषा झकास आहे, वाचताना कानात वाजते. त्याच वर्षीची नीलोत्पल मृणाल यांची 'डार्क हॉर्स' मला जास्त महत्त्वाची वाटते. तिला 2016 चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. भागलपूरचा संतोष यूपीएससीच्या तयारीला दिल्लीत मुखर्जीनगरला येतो. ते कॉलेज नाही, पण कॉलेजनंतरची ती लांबलेली परीक्षार्थी तरुणाई आपल्याकडेही आहेच. ठाण्यातल्या अभ्यासिकांत जाऊन बघा. टेबलावर टॉवेल टाकून जागा अडवलेली तिशीतली मुलं दिसतील.

मराठीत युवा पुरस्कारांच्या यादीत दोन नावं बघाच. अवधूत डोंगरे यांची 'स्वतःला फालतू समजण्याची गोष्ट' (2014) आणि प्रणव सखदेव यांची 'काळेकरडे स्ट्रोक्स' (2021). दोन्हींत तरुण मुलाच्या डोक्यात नक्की काय चाललंय ते आतून कळतं. कॉलेजातल्या गंमतीजमती मोजून देण्याची घाई नाही.

---

खारीगाव

सगळी चर्चा वाचली. फी, लोकल, मुली, सगळं आलं. जात आली नाही, म्हणून लिहितो.

वर्ग चालू असताना शिपाई नोटीस घेऊन येतो. सर वाचतात: 'स्कॉलरशिप आणि फ्रीशिपचे फॉर्म भरलेल्यांनी ऑफिसात भेटावं.' आठ-दहा मुलं उठतात. बाकीचा वर्ग त्यांना उठताना बघतो. कोण कोणत्या प्रवर्गातलं हे त्या एका मिनिटात सगळ्यांना कळतं, आणि मग कॅन्टीनमध्ये 'तुला काय, फी माफ' हे हसत हसत म्हटलं जातं. आता अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर ऑनलाइन झाले तरी कागदपत्रांत त्रुटी निघाली की नावं नोटीसबोर्डावर लागतातच. स्कॉलरशिप खात्यात जमा होईपर्यंत हॉलतिकीट अडवून धरल्याचं मी स्वतः अनुभवलं आहे. घरून आईचे पैसे आणून भरले तेव्हा परीक्षेला बसता आलं.

आता मला सांगा, वर नावं घेतलेल्या खपाच्या पुस्तकांत हे एक मिनिट कुठे आहे? तीन मित्र एका खोलीत राहतात, एकमेकांचं सगळं जाणतात, आणि तीन-चार वर्षांत एकदाही कोणाच्या रँकचा, आरक्षणाचा, आडनावाचा विषय निघत नाही? जी मैत्री हे टाळून उभी राहते तिच्यावर माझा विश्वास बसत नाही.

आपल्याकडे मजकूर नाही असं अजिबात नाही. दलित आत्मकथनांत बोर्डिंगं, हॉस्टेलं, कॉलेजं भरभरून आली आहेत. बाबासाहेबांनी 1946 ला सिद्धार्थ कॉलेज काढलं, 1950 ला औरंगाबादला मिलिंद. तिथून पिढ्या बाहेर पडल्या आणि त्यांनी लिहिलं. ते सगळं आत्मकथन म्हणून एका कप्प्यात गेलं आणि कॉलेजकादंबरी मात्र मित्र, प्रेम आणि प्लेसमेंट यांच्यात राहिली.

इंग्रजीत श्रीविद्या नटराजन यांची 'नो अनियन्स नॉर गार्लिक' 2006 ला आली. चेन्नईतल्या विद्यापीठाचा इंग्रजी विभाग आणि तिथले जातीचा ताठा मिरवणारे प्राध्यापक. हसवत हसवत त्यांची पार दैना उडवली आहे. ती विमानतळावरच्या दुकानांत रचून ठेवलेली मी कधी पाहिली नाही. गटात वाचायचं तर हे वाचा.

---

मास्तर_नेरूळ

खारीगाव, नोटिशीबद्दल लिहिलंत ते अगदी तंतोतंत आहे. आमच्या विभागात मी ती वर्गात वाचणं बंद केलं, मुलांना थेट मेसेज जातो. एवढं करायलाही कर्मचाऱ्यांच्या बैठकीत भांडावं लागलं.

---

चेंदणीकर

खारीगाव, आत्मकथन आणि कादंबरी यांच्या कप्प्यांबद्दल तुम्ही म्हणता ते फार महत्त्वाचं आहे. आमच्या पिढीने ती आत्मकथनं व्यथा म्हणून वाचली. कॉलेजच्या आयुष्याचं लेखन म्हणून ती हातात घ्यायला हवीत. गटासमोर हा प्रस्ताव ठेवा ताई.

---

ऐरोलीकर

काका, ठेवते. नटराजन यांचं पुस्तकही मागवलं आहे.

आता ज्या पुस्तकासाठी मी हा धागा काढायला धजावले त्याबद्दल. जेरी पिंटो यांची 'द एज्युकेशन ऑफ युरी', 2022. मला वाटतं मी शोधत होते त्याच्या सर्वांत जवळ जाणारी ही आहे. युरी फोन्सेका पंधरा वर्षांचा, माहीमचा, आईवडील नाहीत, मामा सांभाळतो. काळ 1980 च्या आसपासचा. तो एल्फिन्स्टन कॉलेजला जातो आणि रोज घरी परत येतो.

या पुस्तकात शिक्षण कॉलेजात थोडं आणि बाहेर जास्त होतं. काळा घोड्यापासून स्टेशनपर्यंतची पायपीट, पुस्तकांची दुकानं, कविता लिहिण्याचे धडपडणारे प्रयत्न, डाव्या चळवळीच्या कडेकडेने जाऊन येणं. मुझम्मिल हा मित्र पैसेवाल्या घरचा. युरीचं घर साधं. दोघांच्या मैत्रीत पैसा कसा मधे येतो, कोण कोणाच्या घरी जेवतो आणि कोणाला कोणाच्या घरी न्यायला संकोच वाटतो, हे पिंटो फार बारकाईने दाखवतात. हॉस्टेलच्या कादंबरीत हे घडूच शकत नाही, कारण तिथे सगळे एकाच मेसमध्ये जेवतात आणि सगळ्यांची कॉट सारखी असते. घरून येणाऱ्या मुलांच्या मैत्रीत कधीतरी एकमेकांचं घर बघण्याची वेळ येतेच. तो दिवस मैत्री पक्की करतो किंवा तोडतो. ठाण्यात वाढलेल्या कोणालाही हे माहीत आहे. नौपाड्यातल्या मैत्रिणीला पहिल्यांदा कळव्याच्या चाळीत आणताना जिन्यावर पोटात जो गोळा येतो, तो या पुस्तकात आहे.

आणि मामा! तरुणांच्या कादंबऱ्यांत घरातली मोठी माणसं एकतर खलनायक असतात नाहीतर रडून मान्यता देणारी. हा मामा विचार करणारा माणूस आहे, भाच्याशी बरोबरीने बोलतो, चुकू देतो. युरीचं अर्धं शिक्षण तिथे जेवणाच्या टेबलावर होतं.

दोषही सांगते. पुस्तक लांबतं. सगळे खूप बोलतात, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या मानाने फारच चांगलं बोलतात. मधली साठ-सत्तर पानं मी ओढत नेली. मुली आहेत, पण युरीच्या नजरेतूनच. रबाळे, तुझी तक्रार इथेही उरतेच.

त्याच्या जोडीला सिद्धार्थ चौधरी यांची 'डे स्कॉलर' ठेवावी, 2010 ची. पाटण्याचा हृदय ठाकूर दिल्ली विद्यापीठात शिकायला येतो, पण कॉलेजच्या हॉस्टेलात न राहता शोकीन निवास नावाच्या खासगी जागेत राहतो. घरमालक झोरावर सिंग शोकीन राजकारणातला दलाल आणि जमिनीचे व्यवहार करणारा. विद्यार्थी भाडेकरू म्हणून शहराच्या कोणत्या थरात जाऊन पडतो ते यात दिसतं. खारघर आणि नेरूळमध्ये एका फ्लॅटात आठ-आठ मुलं राहतात, ब्रोकर आणि सोसायटीच्या सेक्रेटरीशी रोज झगडतात. हॉस्टेल आणि घर यांच्यामधली ही तिसरी जागा आहे आणि नवी मुंबईत तीच सर्वांत वेगाने वाढते आहे.

---

घणसोली_सेक्टर

युरी वाचलं आहे. पुस्तक चांगलं आहे, ताई, पण मला एक सांगा. एल्फिन्स्टन, काळा घोडा, इंग्रजी कविता. दिल्लीच्या आयआयटीतून निघून आपण दक्षिण मुंबईत आलो. ठाण्याची खाडी कधी ओलांडणार? ठाणे-वाशी लोकल 2004 ला सुरू झाली, मिलिंद बोकीलांची 'शाळा' आणि 'फाइव्ह पॉइंट समवन' ज्या वर्षी आल्या त्याच वर्षी. त्या गाडीने कॉलेजला गेलेली पहिली मुलं आज चाळिशीकडे आली आहेत. त्यांच्यातल्या कोणी लिहिलं? केटी म्हणजे राहिलेले विषय, ड्रॉप म्हणजे वाया गेलेलं वर्ष, टर्मवर्कच्या मार्कांसाठी सरांच्या केबिनबाहेर ताटकळणं, प्रवेशाच्या कॅप राऊंडच्या रात्री सायबर कॅफेत बसून भरलेले कॉलेजांचे कोड. आमचा अख्खा मजकूर तसाच पडून आहे.

तेव्हा माझं आधीचं म्हणणं कायम आहे, की पोराला कल्पनेतली खोली हवी असते आणि ती देणाऱ्या पुस्तकाला कमी लेखू नये. पण आता मी नोकरीला आहे, स्वतःचं टेबल आहे. आता मला ओट्याखालचा तो मुलगा वाचायचा आहे.

---

खारीगाव

+१. आणि त्याच्या आईच्या बाजूनेही.

---

रबाळे_लेडीज_स्पेशल

मी एक कथा लिहिते आहे. पनवेल गाडीतल्या तीन मुली आणि एक जर्नल. सहा पानं झाली आहेत. सर, एक विचारायचं होतं. सबमिशनच्या दिवशी दुसऱ्याच्या अक्षरातलं जर्नल शिक्षकाला लगेच ओळखू येतं का? आणि ओळखू आलं तर तुम्ही काय करता?

---

मास्तर_नेरूळ

पहिल्या पानावरच ओळखू येतं. अक्षर बदललं नाही तरी शाई बदलते, आणि आकृतीतल्या रेघेचा दाब बदलतो. गाडीत काढलेली आकृती तर लगेच कळते, एखाद्या स्टेशनावर गाडी थांबली की रेघ सरळ होते.

काय करतो ते शिक्षकागणिक वेगळं. काही जण फाडून परत लिहायला लावतात. मी व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, त्याच आकृतीवर प्रश्न विचारतो. मुलीला उत्तर आलं तर सही करतो, कारण मग तिने ती गाडीत मैत्रिणीकडून वाचून घेतलेली असते. तुझ्या कथेत दोन्ही प्रकारचे शिक्षक असू देत. आणि तिघींपैकी एकीचं जर्नल वेळेत परत येत नाही असं होऊ दे, सबमिशनच्या आठवड्यात असं दर वर्षी होतं.

---

ऐरोलीकर

रबाळे, कथा पुरी झाली की गटात ये आणि वाच. पुढच्या बैठकीला 'डे स्कॉलर' आहे, त्यानंतर खारीगाव यांनी सुचवलेलं पुस्तक. 'डे स्कॉलर'ची माझी प्रत सध्या चेंदणीकर काकांकडे आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी त्यांना निरोप पाठवा.